तुरुंगातल्या अम्मांना केलेला नमस्कार

खरं सांगू? देवावरचा विश्वास माझा जवळजवळ संपलाच होता. दिल्लीत क्रिमिनॉलॉजी आणि धर्मशास्त्र एकत्र शिकते ना मी! सकाळी माणूस गुन्हा का करतो, दुपारी देव माफ का करतो. दादा चिडवायचा, "आधी पकडणार आणि मग मोक्ष देणार का गं?" हसायचे, पण आतून पार गोंधळलेले. देवघरासमोर उभं राहणंही बंद झालेलं.

त्यात प्रोजेक्ट अडकला. शिक्षा भोगणारी माणसं प्रार्थनेत काय मागतात, हा विषय. महिला तुरुंगात दोनदा जाऊन आले, कोणी बोलेचना. सर म्हणाले, आज शेवटचा चान्स, नाहीतर दोनातला एक विषय सोड. करोल बागहून मेट्रोत बसले आणि बाप्पाला म्हटलं, आता तूच बघ यार.

आणि काय, त्या दिवशीही तेच! प्रश्न वाचले की बायका तोंड फिरवायच्या. शेवटी रडवेली होऊन निघाले. निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं, ही आईने लावलेली सवय. कोपऱ्यात सगळ्यात म्हाताऱ्या अम्मा बसल्या होत्या. विचार न करता वाकले.

"ओ मैडम! छूना मना है, बताया था ना?" ड्युटीवरच्या बाई धावत आल्या. माझ्या हातातला प्रश्नांचा कागद काढून घेतला. संपलं सगळं, वाटलं.

"अरी डाँट मत," अम्मा म्हणाल्या. "पाँव ही तो छुए हैं, ताला थोड़ी तोड़ा है."

त्या बाईंना हसूच फुटलं! "चलो, चाय आने तक बैठ ले. कागज़ नहीं मिलेगा."

बसले. विचारायला हातात काहीच नाही. शेवटी अम्माच म्हणाल्या, "सब पूछते हैं क्या किया था. पैर कोई नहीं छूता." मग हळूहळू सांगू लागल्या. त्यांच्या हातून शेजारचा एक माणूस मेला होता. रोज उठल्यावर त्या आधी त्याचं नाव घेतात, त्याला शांती मागतात, मग आपल्या मुलांसाठी. "अपने लिए?" मी विचारलं. "अपने लिए क्या माँगूँ, बेटा? वो जो दे दे."

चहा आला तेव्हा मी रडत होते. अम्मांनी लिहायची परवानगी दिली, सर खूश झाले, दोन्ही विषय राहिले. पण सच्ची, परतताना ते सगळं डोक्यातही नव्हतं. माझी सगळी तयारी काढून घेतल्यावर कोणीतरी मला हाताला धरून तिथे बसवलं होतं, एवढंच कळत होतं. कोणी, ते मला सिद्ध करायचं नाहीये.

त्या संध्याकाळी घरी देवघरासमोर आईच्या शेजारी हात जोडून उभी राहिले. आई थोडी सरकली. आधी अम्मांच्या त्या मेलेल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं, मग अम्मांचं. स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं. अजूनही रोज राहतं, आणि खूप बरं वाटतं.