बाह्या दोघींच्या, स्वेटर एक

मैत्रिणींनो, आपल्या विणकाम मंडळाची ही फिरती वही आज माझ्याकडे आली, हे किती बरं झालं! कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीतून मी आत्ताच डोंबिवलीला परतले आहे.

थंडीआधी काम उरकावं म्हणून आपण प्रत्येक स्वेटरचे भाग घरोघर वाटून विणले. आज पहिला स्वेटर सहा वर्षांच्या मीराला घातला, तर डावी बाही कोपराशीच थांबली आणि उजवीत बोटंही दिसेनात!

"उजवी माझी," मी कबूल केलं.

"डावी माझी, पण मापात आहे," सोबत आलेल्या कुसुमताई म्हणाल्या. "तुमचाच हात सैल!"

पिशवीत असेच आणखी अकरा होते आणि मुलं वाट बघत उभी. मला रडूच यायला लागलं.

मीराच्या आईने मात्र हसत दोन्ही बाह्या उसवायला घेतल्या. "दोनों बाँहें एक ही हाथ की चाहिए, बहनजी!" बघता बघता शेजारच्या चौघी जमल्या आणि त्यांनी पिशवीच ठेवून घेतली. काय झरझर विणतात त्या!

आता अडलंय फक्त सुयांवर. पाच जणींत मी तिथे ठेवून आलेली माझी एकच जोडी आहे. उद्या सकाळी ही वही फिरून परत येईल, तेव्हा तिच्यासोबत किती सुया येतील?