नाडी वाढेना, पट्टा थांबेना

“ताई, तुमच्या दाढेत काहीच नाही. इथून सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडं जा,” दातांचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आ वासून खुर्चीत पडले होते. जिना चढला की माझा जबडा दुखायचा, थांबलं की दुखणं राहायचं. मी दाढ काढायला गेले होते.

ईसीजी झाला. मग अँजिओग्राफी, म्हणजे हाताच्या नसेतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघणं. एक वाहिनी फार अरुंद झाली होती. तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी बसवली.

“पण छातीत कधी दुखलंच नाही,” मी सारखी म्हणत होते.

“बायकांना पुष्कळदा असंच होतं,” हृदयाचे डॉक्टर म्हणाले. “अंजायना जबड्यात, पाठीत, कुठंही जाणवतो.” हृदयाला रक्त कमी पडलं की जी कळ येते, ती अंजायना.

घरी आले ती गोळ्या आणि “रोज चाला” हा सल्ला घेऊन. चालायचं कुठं? बजाजनगरात आमच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्यामागं धावणारी कुत्री. बंगळूरहून मुलगा म्हणाला, “आई, कनेक्टेड ट्रेडमिल घे. इंटरनेटला जोडलेली असते. तुझी नाडी मला इथं दिसेल.”

म्हणून मी आणि हे दुकानात गेलो. चढ किती हवा, पडदा केवढा, ॲप कुठलं? दवाखान्यात मला सांगत तरी होते, इथं सगळे मलाच विचारत होते. ह्यांनी आयुष्यभर कारखान्यात मशीन चालवलं, तेही नुसत्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होते.

“काकू, टेन्शनच नाय. मशीन खुद सांभाळतं,” दुकानदार म्हणाला. त्यानं माझ्या मनगटाला नाडी मोजायची पट्टी बांधली, मशीनमध्ये माझं वय घातलं. नाडी वयाप्रमाणे ठरल्यापेक्षा कमी असली की पायाखालचा पट्टा आपोआप वेग घेतो, म्हणे.

मी वर चढून चालायला लागले. माझी नाडी वाढेना. पट्टा वेग घेत राहिला. पडद्यावरची हसरी बाई म्हणत होती, “आप और कर सकती हैं!” मला वाटलं, मीच आळशी. मग जबडा दुखायला लागला. मशीन म्हणत होतं, हृदय आरामात आहे. मग हे काय? परत दाढ? कुणाचं खरं मानू, काही कळेना.

“अगं, चेहरा बघ कसा झालाय तुझा! लई झालं!” म्हणत ह्यांनी लाल दोरी ओढली. पट्टा थांबला. मी स्टुलावर बसले. कळ हळूहळू ओसरली, आणि आम्ही तसेच डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी परत ईसीजी काढला, औषध बदललं आणि पुढं स्ट्रेस टेस्ट केली, म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली चालवून हृदय तपासलं. मग समजावलं, “तुम्हाला बीटा ब्लॉकर चालू आहे. ती गोळी नाडीला फार वर जाऊच देत नाही. मशीनला हे ठाऊक नसतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी. जबडा दुखला की थांबायचं, आणि मला कळवायचं.”

तुमच्यावर अशी वेळ आली तर मशीन बघायच्या आधी आपली गोळी काय करते ते डॉक्टरांना विचारा. आम्ही शेवटी अगदी सावकाश सुरू होणारं, लांब कठड्याचं मशीन घेतलं. आपोआप वेग वाढणं बंद करता येतं, ते बंदच ठेवलंय. मुलाला आकडे दिसतात. नाडी कमी दिसली की तो अजूनही घाबरून फोन करतो.

संध्याकाळी मी चालते तेव्हा हे शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मला बोलतं ठेवतात. ह्यांच्या पाळ्यांच्या नोकरीत आम्ही एवढं कधी बोललोच नव्हतो. त्या दातांच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तरी गोंधळ पुरता गेलेला नाही. साधा थकवा कुठला आणि दुखणं कुठलं, हे अजून रोज नव्यानं ओळखावं लागतं.

काल मी पट्ट्यावर चालत असताना ह्यांनी विचारलं, “पहिल्यांदा दुखलं तेव्हा मला का नाय सांगितलंस?”

मी सांगायला लागले. उत्तर बरंच लांबलं, पण श्वास पुरला.