वारूळवाडीच्या घराचं मागचं दार

नारायणगावात एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढायला लागले, ते दोन हजार सालानंतरचं एखाददुसरं वर्ष असेल. कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या, क्लासला आम्ही जुनं सॉफ्टवेअर शिकलो होतो. त्यात एका वेळी एकच नकाशा उघडायचा. दुसरा हवा असला की पहिला बंद करा. ऑफिसातल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हवे तितके नकाशे एकदम उघडे ठेवता यायचे. दोन बटणं दाबली की एक घर जाऊन दुसरं समोर! मला हर्षवायू व्हायचा बाकी होता.

बाजाराच्या दिवशी ऑफिस भरायचं. खरेदीला आलेली माणसं जाता जाता "आमचं घर दावा की ताई" म्हणत आत यायची. शिनोलीचं दाखव, बेल्ह्याचं दाखव, असं करत माझ्याकडे सात-आठ घरं उघडी असायची. साहेब दोनदा म्हणाले, "अगं, लागतं तेवढंच उघड. बाकीचं सेव्ह करून बंद कर." मी मान डोलवायची आणि आपलंच खरं करायची. खुर्चीमागे माणसं उभी आहेत आणि आपण बटणासरशी घरं बदलतोय, ही ऐट मला सोडवत नव्हती.

माझे वडील, अण्णा, गवंडी. वारूळवाडीत आणि आसपास त्यांनी पुष्कळ घरं बांधली होती, पण इंजिनिअरच्या कागदाला त्यांनी कधी भीक घातली नाही. दोरी लावायची, फक्कीने आखायचं, घरातल्या बाईला चूल कुठे नि गोठा कुठे ते विचारायचं आणि कामाला लागायचं. पण मी काढलेलं एक घर त्यांच्याकडे बांधायला आलं, आमच्या वारूळवाडीतलंच, आणि त्यांचा सूरच बदलला. कागदाला प्लॅस्टिकची पिशवी घातली. हाताखालच्या माणसांना सांगायला लागले, "ह्यात हाय तसंच करायचं. पोरीनं काढलंय." ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

त्या घराच्या मागे गोठा होता. स्वयंपाकघराला मागचं दार हवंच, हे घरमालकीण काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. धारेच्या बादल्या तिकडूनच आणायच्या. बेल्ह्याच्या एका दुकानदाराचं घर मी याच नकाशाची नक्कल करून काढलं होतं, त्यामुळे दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसत. एका बाजाराच्या दिवशी तो दुकानदार आला. "ताई, मागं गोडाऊन काढतोय. ते दार नको, भिंत घाला." तेवढ्यात दुसऱ्या एकाला स्वतःचं घर बघायचं होतं. ते दाखवून मी बटणं दाबत परत आले, दार पुसलं, भिंत ओढली, सेव्ह केलं. दार पुसलं ते वारूळवाडीच्या घराचं. पायाचा कागद वेगळा, त्यात दारं नसतात; पाया तोवर झाला होता. दुसऱ्या दिवशी अण्णा भिंतींचा कागद घेऊन गेले, त्यात दार नव्हतं.

आठवड्याने काकू बांधकामावर आल्या तेव्हा मागची भिंत छातीइतकी झाली होती.

"मिस्त्री, मागलं दार कुठंय?"

"कागदात न्हाई, वहिनी."

"आवं, पण म्या सांगितलं व्हतं. तुमाला सुदिक दिसलं न्हाई व्हय?"

शेजारपाजारचे हसले. मिस्त्री दार विसरला, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पुढचं घर अण्णांना द्यायचं म्हणणारा माणूस "बघू" म्हणायला लागला. गवंड्याला गावात "बघू" ऐकायला लागलं की काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

घरी येऊन मी त्यांच्यावरच उखडले. तेव्हा मला माझी चूक ठाऊक नव्हती. "तुमाला कळत नव्हतं का, अण्णा? एवढी घरं बांधली तुमी!"

ते हात धूत होते. "कळत व्हतं की. पयल्या थरालाच कळलं. म्हणलं, पोरगी शिकलीय, आसंल कायतरी."

मला रडू फुटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले आणि चूक लगेच दिसली. साहेबांना सांगितलं, सुट्टी घेतली आणि थेट बांधकामावर गेले. शेजारचे परत जमले होते, ते बरंच झालं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काकू, चूक माजी हाय. अण्णांची न्हाई."

अण्णा तोवर एकटेच भिंत उतरवायला लागले होते. मी विटांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडायला बसले. काकू जवळ येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दार झालं की त्यातनं पयली बादली तूच आणायची." अण्णा हसले. मी दुपारपर्यंत विटा साफ केल्या.

ऑफिसात माझी ऐट संपली. एक घर उघडं, बाकीची बंद. नक्कल करायला दोन लागलीच तर शेजारी शेजारी, आणि प्रत्येकावर गावाचं नाव मोठ्या लाल अक्षरात. बाजाराच्या दिवशी लोक कुरकुरायचे, "ताई, लई येळ लावता राव." मी म्हणायची, "लावते."

"बघू" म्हणणारा माणूस शेवटी आला. त्याच्या घराचा कागद मी दोनदा तपासून दिला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तो घरी आणून माझ्यासमोर पसरला. न्हाणीघरावर पेन्सिलीने मोठा गोल काढला होता.

"हे बराबर हाय का? पाण्याचा उतार तर हिकडं हाय."

नकाशा बरोबर होता. मी समजावलं, त्यांना पटेना. ते परत बोट ठेवून विचारत राहिले. आईने जेवायला दोनदा हाक मारली. अण्णा माझ्याशी भांडत होते, जसे ते बरोबरीच्या मिस्त्रीशी भांडायचे, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मुद्दाम तो वाद लवकर मिटवला नाही.