रविताची शिकवणी

आमच्या गावात कोणाला सुनेचा दाखला द्यायचा असला की रहांगडाल्यांच्या रविताचा देतात. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात भाजी घेता घेता बाया म्हणतात, अशी बहू नशिबानंच भेटते. मी रविताची शेजारीण. त्यांच्या आणि माझ्या आंगणात कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे त्यांच्या ओसरीवर काय चालतं ते मला न बघायचं ठरवलं तरी दिसतं. म्हणून मी त्या बायांसारखं म्हणत नाही. उलटही म्हणत नाही.

रविता लग्न होऊन आली ती अंगानं काटकुळी, कामाला वाघीण आणि बोलायला कंजूष. तशी बोलायला तिला जागाच नव्हती. घरातलं सगळं बोलणं सासूच करायची. दुलारीबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. गडीमाणसांना, भाजीवाल्याला, पाहुण्यांना, देवालाही त्या सुनावायच्या. त्यांचा नवरा पुरनलाल जिवंत होता तोवर दिवसभर धानाच्या बांधीत बसून असायचा. लोक म्हणायचे, त्याला शेतीची भारी आवड. मला विचाराल तर त्याला शांततेची आवड होती. एकुलता मुलगा लोकेंद्र बुटीबोरीला कंपनीत लागला आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येऊ लागला. आईपुढे त्याची मान कधी वर झाली नाही.

रविताला मुलगी झाली, दुर्गेश्वरी. पोर गोरीगोमटी, हसरी. पण मागे थाळी आपटली तरी वळून बघायची नाही. रविताला ते लवकर कळलं. दुलारीबाई म्हणायच्या, आमच्याकडे लेकरं उशिराच बोलतात, लोकेंद्र पाच सालाचा होऊन बोलला. मग उपाय सुरू झाले. जिभेला वेखंड लावून झालं. पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घातला की लेकरू बोलतं, म्हणून अख्ख्या गावातल्या झाडांखाली शोध सुरू झाला. पेरू खाऊन खाऊन पोरीचे गाल पेरूसारखे झाले, बोलणं मात्र आलं नाही.

शेवटी रविता तिला गोंदियाला घेऊन गेली. तिथे हर्षा मॅडम म्हणून बोलण्याच्या डॉक्टर आहेत. ज्यांना बोलता येत नाही किंवा येत होतं ते गेलं, अशा लहानमोठ्या सगळ्यांकडून त्या बोलण्याचा सराव करून घेतात. त्यांनी तपासण्या करवून सांगितलं की पोरीला ऐकूच येत नाही, बोलेल कुठून? कानाला मशीन लावा, दर आठवड्याला आणा, आणि आत्ताच आणा. पाच वर्षांच्या आतला काळच खरा, तो गेला की परत मिळत नाही. रविता दर आठवड्याला एसटीनं जायला लागली. थोड्याच महिन्यांत दुर्गेश्वरी हाक मारली की वळून बघायला लागली. एकदा भिंतीपाशी उभी राहून तिनं मला "आ" म्हटलं, म्हणजे आजी म्हणायचं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नेमकं तेव्हाच दुलारीबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न जुळत होतं. एक दिवस पाहुणे यायच्या आधी त्या ओसरीवर आल्या आणि नातीच्या कानावरची मशीन त्यांनी स्वतःच्या हातानं काढली.

"पोराकडचे लोक येऊन राहिले. घरात बहिरी पोर आहे समजलं, तं माह्या पोरीले कोण करन?"

मशीन डब्यात गेली, डबा कपाटात आणि किल्ली दुलारीबाईंच्या कमरेला. गोंदियाला जाणं बंद. रविता रडली, लोकेंद्राला फोन केला. तो म्हणाला, आईचं ऐक, लग्न होईपर्यंतचाच प्रश्न आहे. ते लग्न कधी हुंड्यावरून, कधी मुहूर्तावरून तीन वर्षं लांबलं. नणंद सासरी गेली तेव्हा डबा उघडला. आतला सेल फुटून मशीन गंजून गेली होती आणि पोरीनं पाच वर्षं ओलांडली होती.

नवी मशीन आली, पण गाडी निघून गेलेली. आज दुर्गेश्वरी अकरा वर्षांची आहे. चार-सहा शब्द काढते, ते तिच्या आईलाच समजतात. बाकी सगळं हातांनी बोलते. अंगठा ओठाला लावला की पाणी, मूठ पोटाला लावली की भूक, तळहात हलवला की नाही. दुलारीबाईंना तेही खपायचं नाही. माकडासारखे हात हलवू नको म्हणून त्या तिच्या बोटांवर चापट मारायच्या. लोकेंद्रानं ती हातांची भाषा शिकायचं कधी मनावर घेतलं नाही. घरी आला की लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि मोबाईल बघत बसायचा. रविता पोरीची खूण समजून घ्यायची आणि गप्प राहायची. ती जे गप्प राहत होती, ते मला तेव्हा सहन करणं वाटलं.

मागच्या दिवाळीनंतर दुलारीबाईंना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि ती जीभ, जिला गाव घाबरायचं, ती तोंडात लाकडासारखी पडून राहिली. समजत सगळं होतं, शब्द मात्र बाहेर पडत नव्हता. तेव्हा लोकेंद्र रजा काढून आला, गाडी भाड्यानं केली आणि आईला घेऊन गेला. कुठे, तर गोंदियाला, हर्षा मॅडमच्या त्याच खोलीत. रविता सोबत होती. ती परत आल्यावर मला एवढंच म्हणाली की त्या खोलीतली दुर्गेश्वरीची लहान खुर्ची अजून तिथेच आहे.

मॅडमनी घरी करायचा सराव समजावून दिला. रोग्याला काय हवं ते आधीच ओळखून हातात देऊ नका, मागू द्या, थांबा. अर्धामुर्धा शब्द निघाला तरी लगेच द्या. घरात कामाचं एखादं वाक्य घ्या आणि रोज तेच म्हणवून घ्या. घोटलेलं वाक्य आधी येतं, माणूस घाबरलं की तेच तोंडातून निघतं.

रवितानं त्यातलं निम्मं ऐकलं.

दुपारी ती ओसरीवर स्टूल घेऊन सासूच्या खाटेसमोर बसायची. माठातल्या पाण्याचा गिलास पायरीवर, दुलारीबाईंना दिसेल पण पोचणार नाही असा. काय पाहिजे, असं विचारायची. दुलारीबाई "पा, पा" करत राहायच्या. रविता शांतपणे म्हणायची, पूर्ण बोला, आई. गालाला घाम, ओठाला फेस, वैशाखाचं ऊन. पूर्ण शब्द निघेपर्यंत गिलास हलायचा नाही. शब्द निघाला की वाक्य सुरू. वाक्य रवितानंच निवडलं होतं, "बहू चांगली आहे." ते म्हटलं की पाणी. गावातल्या बाया बघायला यायच्या आणि म्हणायच्या, पोटच्या पोरीनं केली नसती एवढी मेहनत घेते. त्यांच्या देखत दुलारीबाई एकदा रडल्या. बाया म्हणाल्या, आनंदानं रडते बिचारी.

दुलारीबाईंनी मग दुसरी वाट काढली. रविता आत गेली की त्या डाव्या हाताचा अंगठा ओठाला लावायच्या आणि नात पळत जाऊन पाणी आणायची. ज्या बोटांवर चापटा बसल्या होत्या तीच बोटं आजीच्या तोंडाला गिलास लावायची. पोरीच्या मनात काही नव्हतं, तिला नुसती तहान दिसत होती. रविताच्या लक्षात आलं तेव्हा तिनं लेकीचा हात धरून बाजूला केलं आणि खुणेनंच समजावलं की आजीला बोलू दे, डॉक्टरनं सांगितलं आहे.

मला राहवलं नाही. भिंतीवरून मी तिला म्हटलं की रविता, हे बरं नाही. तिनं धान पाखडत पाखडतच उत्तर दिलं.

"मी मारत नाई, काकी. उपाशी ठेवत नाई. फक्त थांबते. माह्या पोरीले तिनं एका लग्नासाठी थांबवलं, हे तं पाण्याचा एक गिलास आहे."

मी घरात आले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. पोरीचे दिवस कोणाचे, ते म्हणीत कुठे नाही. मला दुलारीबाईंची दया येत होती आणि त्या दयेच्या शेजारी दुर्गेश्वरीचे ते पेरूसारखे गालही दिसत होते.

दुलारीबाईंना आता एकच गोष्ट हवी होती, लोकेंद्र आला की त्याला सांगायचं. फोनवर त्यांच्याकडून काही निघायचं नाही आणि फोन रविताच्या हातात असायचा. रविता बांधीवर गेली की त्या एकट्याच खाटेवर सराव करायच्या. मी ऐकलं आहे. "पा-णी. ना-ई. दे-त." एकदा, दोनदा, मग जमलं. ते जमल्यावर त्या थकून डोळे मिटून पडल्या आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

लोकेंद्र रविवारी सकाळी आला. मीही जाऊन बसले. त्यानं आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, कशी आहेस, बहू वेळेवर सगळं देते का? रविता दारात उभी होती, पदर डोक्यावर, चेहरा कोरा. दुलारीबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. ओठ हलायला लागले, मानेच्या शिरा ताणल्या. आम्ही सगळे थांबलो.

"बहू," त्या म्हणाल्या. मग खूप वेळानं, अगदी स्पष्ट, "चांगली आहे."

लोकेंद्रानं आईचा हात थोपटला. त्यानं रविताकडे असं पाहिलं, जसं लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नसेल. दुलारीबाई मान हलवायला लागल्या. नाही, नाही. डाव्या हातानं खाट आपटली. परत तोंड उघडलं, परत तेच वाक्य. मग अंगठा ओठाला, तळहात हलवला, बोट दाराकडे. पुन्हा अंगठा, तळहात, बोट. मी समजले. दुर्गेश्वरी तर केव्हाच समजली होती, ती बापाचा शर्ट ओढून घशातून आवाज काढत त्याच खुणा करायला लागली. लोकेंद्रानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बायकोला विचारलं.

"आई काय म्हणून राहिली?"

रवितानं सासूकडे पाहिलं. घाई केली नाही.

"तुमी जेवून जा म्हणतेत."

तो जेवला. भात दोनदा घेतला, वांग्याची भाजी छान झाली म्हणाला. मी तोंड उघडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. कोणाच्या बाजूनं उघडणार होते? त्या ओसरीवर खोटं एकटी रविताच बोलली आणि ते खपलं, कारण त्या घरात पोरीचे हात वाचायला दुसरं कोणी शिकलंच नव्हतं. दुलारीबाईंनी शिकू दिलं नव्हतं. आता त्या खाटेवर पडून मुलाच्या ताटाकडे बघत होत्या आणि अंगठा अजून ओठापाशीच होता.

संध्याकाळच्या एसटीनं लोकेंद्र गेला. जाताना मला म्हणाला, काकी, आईची आता काळजी नाही. रविता त्याला फाटकापर्यंत सोडून आली, पाय धुतले, माठातून गिलास भरला आणि पायरीवर ठेवला. दुर्गेश्वरी उठायला लागली तशी तिनं लेकीला जवळ घेतलं आणि मांडीवर बसवून घेतलं. मग स्टूल खाटेजवळ ओढलं.

"हं, आई," ती म्हणाली. "बोला."