घरघर बंद, ब्रेक दगड

काय सांगावं राव! माणसाची फजिती दुसऱ्यानं केली, तर निदान शिव्या द्यायला कोणीतरी असतं. माझी मीच केली. तीही इवायासमोर! आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायासमोर गेलेली अब्रू परत येत नाही, हे लिहून ठेवा.

दारव्ह्यात माझं कापडाचं दुकान. शाळा फार झाली नाही, पण मिक्सरपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सगळं मी स्वतः उघडतो. कधीकधी ते परत बसतंही.

तर अशा माणसानं बॅटरीची गाडी घेतली. गाव हसलं. सगळ्यात जास्त हसले पुसदचे भाऊसाहेब, म्हणजे माझे होणारे इवाई. यांची डिझेलची जीप चालू झाली की गल्लीतलं झोपलेलं लेकरू रडत उठतं, आणि हे मला हसणार!

"इवाई, याचे सेल कुठून टाकता? मांगून का बुडातून?"

मी काय ऐकून घेतो? पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, यवतमाळला जायचं होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, "रविवारी तुमची जीप माह्या दारात ठेवा. तुमाले अन् इहीनबाईले माह्या गाडीतून नेतो. पोटातलं पाणी हालणार नाही!"

झालं. आता गाडी अडली की माझं नाक गेलं.

गाडी तशी गुणाची, पण एक खोड होती. ब्रेक दाबला की बॉनेटखालून घर्रर्र. उभ्या गाडीतही घर्रर्र! मला सांगा, इंजिनच नाही, मग आत घोरतंय कोण? आमचा धंद्यातला नियम आहे, गिऱ्हाईक नसताना फिरणारा पंखा बंद करायचा. बॅटरी माझी, अन् फुकट खाणार हा?

बायकोला टॉर्च धरायला लावला. घोरणारा शोधला, त्याचा प्लग काढला, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि साड्यांच्या गठ्ठ्याच्या लाल दोऱ्यानं बांधून टाकला. काय शांतता! म्हटलं, एवढाले शिकलेले इंजिनियर, त्यांना एवढंही सुचू नये?

"अवो, कंपनीनं लावलं म्हणजे कायले तरी लावलं असंन," बायको म्हणाली.

"बिल फुगवाले लावलं! तू टॉर्च सरळ धर."

दुसऱ्या दिवशी समोर पिवळा दिवा पेटला. हे दिवे गिऱ्हाइकाला भेडसावून वर्कशॉपात ओढायला असतात, हे मला कोणी शिकवायला नको. बायकोच्या पाकिटातली मोठी टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. दिवा गेला!

गावात फिरताना काही जाणवलं नाही. ही गाडी पाय उचलला की आपोआप मंदावते, ब्रेक लागतोच कशाला? पण शनिवारी उद्याच्या तयारीनं बॅटरी काठोकाठ भरली आणि यवतमाळ रस्त्यावर चक्कर मारायला निघालो. भरल्या बॅटरीवर ते आपोआप मंदावणं जवळजवळ बंद असतं, हे ज्ञान मला नंतर झालं. आधी उतार आला. मग शेळ्या आल्या.

ब्रेक दाबला. दगड! अहो, पाट्यावर पाय ठेवल्यासारखं. दोन्ही पाय लावले, स्टिअरिंगला लोंबकळत सीटवरून उठलो, तेव्हा कुठं गाडी थांबली. एक शेळी बॉनेटला नाक लावून हुंगत होती.

शेळ्यावाल्यानं काचेतून वाकून पाहिलं. "शेटजी, हे गाडी उभ्यानं चालवा लागते का?"

बैलगाडीच्या चालीनं घरी आणली. गजूभाऊ मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हरवलेली म्हैस शोधावी तसे आत पाहत राहिले.

"इंजनच नाही तं मी पाहू काय?"

तरी हार मानतील ते गजूभाऊ कसले! ब्रेकचं ऑइल बदललं. पेडल दगड. मग माझी बुद्धी धावली, म्हटलं सांधा आखडला असेल. खोबरेल तेल ओतलं. पेडल दगडच, वर माझी चप्पल सटकायला लागली.

"अवो, मले काय वाटते..." बायको दारातून म्हणाली.

"तू मधात बोलू नको! इथं जाणते लोकं बसून हायेत."

रविवारी सकाळी गजूभाऊ पुन्हा पाना घेऊन आले, आणि मागोमाग जीप धडधडत आली. भाऊसाहेब उतरले, कमरेवर हात ठेवून माझ्या उघड्या बॉनेटकडं पाहत राहिले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू साक्षगंध त्यांचंच होतं.

मी कंपनीला फोन लावला. मुद्दाम स्पीकरवर! म्हटलं, कंपनी मला कशी 'सर सर' करते ते ऐकू दे इवायाला.

फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, पेट्रोलच्या गाडीत इंजिन हवा ओढतं, त्या ओढीची ब्रेकला मदत होते. तुमच्या गाडीत इंजिन नाही, म्हणून त्या कामाला छोटा पंप दिलेला असतो. तो बंद पडला की पेडल कडक होतं. ब्रेक दाबल्यावर पुढून घरघर ऐकू येते का?"

मी छाती फुगवली. "आवाज? मॅडम, माझ्या गाडीत आवाज नाही! तो मी कधीचाच बंद केला!"

गजूभाऊंनी हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"सर... बंद केला म्हणजे?"

उत्तर बायकोनं दिलं. घरातून टॉर्च आणला, भर उन्हात पेटवला आणि लाल दोऱ्यावर धरला. अगदी सरळ!

प्लग लावला. घर्रर्र! पेडल लोण्यासारखं मऊ. मी म्हटलं, "चला इवाई, बसा!" तर ती मुलगी अजून फोनवरच. "सर, तपासणी झाल्याशिवाय लांब नेऊ नका."

भाऊसाहेबांनी जीपचं मागचं दार उघडलं. "बसा इवाई. आमची गाडी आवाज करते, पण थांबते."

बसलो. सांगता कोणाला? रस्ताभर हलायचं तेवढं पोटातलं पाणी हाललं. शेजारी बसलेल्या बायकोवर खेकसलो, "तुले ठाऊक होतं तं सांगतलं काहून नाही?"

"बोलू देल्लं का?" तिनं पदर सावरला आणि जीपच्या धडधडाटावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अन् रातभर तुमी घोरता, म्या कधी तुमचा प्लग काढला का? म्हटलं, देवानं लावलं म्हणजे कायले तरी लावलं असंन!"