डावा कोपरा आणि तुटलेला दम

मंडळाच्या नव्या भिंतीवर आजवरच्या सात सर्वोत्तम कबड्डीपटूंची नावं रंगवायचं ठरलं. सहा नावांवर फार भांडण झालं नाही. भांडण झालं ते डाव्या कोपऱ्यावरून. आमच्या घरातली कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून भिंतीसोबत निघणाऱ्या स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे आला आणि डाव्या कोपऱ्याचा निवाडाही.

"लिही तू," मंडळाचे चिटणीस काका म्हणाले, "फक्त बापाची पोरगी म्हणून लिहू नको."

कारण त्या जागेच्या दोन दावेदारांतले एक माझे पप्पा होते. दुसरे पप्पांहून दहा-बारा वर्षांनी मोठे, आता वारलेले. त्यांना अख्खा किनारा अजून 'खेकडा' म्हणतो.

कोपऱ्यातल्या माणसाचं काम लांबून दिसत नाही. चढाईवाला पाय टाकतो, त्या पायावर याने झेप घ्यायची. म्हणजे स्वतःचं तोंड त्याच्या टाचेसमोर न्यायचं. पप्पांचे पुढचे दोन दात खोटे आहेत. डाव्या हाताची करंगळी भलतीकडेच बघते. गळ्याखालचं हाड एकदा मोडून जुळलं, तिथे गाठ आहे. सामना खेळून आले की आई तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकायची आणि पप्पा टॉवेल दातांत धरून बसायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील रविवारी असेच घरी येतात.

मी मंडळाची जुनी वही काढली. खेकड्यांच्या नावावर पानंच्या पानं पकडी. पप्पांच्या नावावर थोड्याच. खरं सांगायचं तर मी तेवढ्यावरच निकाल लावणार होते. मग लक्षात आलं, आमच्या गावात पकड लिहायची पद्धतच वाकडी आहे. चढाईवाला ज्याच्या अंगाखाली दबला, पकड त्याची. खेकडे मांडी धरून माणसाला उचलून आपटायचे, त्यामुळे वर तेच दिसायचे. पप्पा घोटा धरायचे. मग बाकीचे तिघे-चौघे वर कोसळायचे आणि वही लिहिणाऱ्याला ढिगातला सगळ्यात वरचा माणूस दिसायचा. सगळ्यात खाली, माती खात, पप्पा.

पण गाव पप्पांचं नाव घ्यायला कचरत होतं ते वहीमुळे नाही. पायामुळे.

तेव्हा मी पाचवीत होते. अंतिम सामना, भर दुपार. चौलचा एक चढाईवाला होता, त्याला अडवणं कुणालाच जमत नव्हतं. पहिल्या डावात त्याची लाथ पप्पांच्या तोंडावर बसली. पप्पांनी रक्त थुंकलं, त्यातला दात उचलून पंचांच्या टेबलावर ठेवला आणि परत कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. लोक हसले. दुसऱ्या डावात त्यांनी त्याचा घोटा धरला. तो पालथा पडला, 'कबड्डी कबड्डी' म्हणत कोपरांवर मध्यरेषेकडे सरकू लागला. पप्पा मागे फरफटत होते. मग वाळकी झावळी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला.

त्यानंतर मैदानात माणसंच माणसं शिरली. कुणीतरी लोखंडी खुर्ची उचलून पप्पांच्या डोक्यात घातली. आईने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, पण तिच्या बोटांत फटी होत्या.

चौलवाला परत खेळला नाही. मंडळाने पप्पांना एक हंगाम बाहेर बसवलं. तेव्हापासून गाव म्हणतं, दम तुटल्यावर चढाईवाला बादच असतो, तरी याने पाय सोडला नाही, पिरगळला. आणि पप्पा म्हणतात, "लोक वरडत व्हते. दम ऐकूच आला न्हाय."

मला हे एकदा नक्की करायचं होतं. मी चौलला गेले.

तो माणूस वाडीत सुपारी सोलत बसला होता. एक पाय लाकडासारखा सरळ पुढे. मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तेव्हा पळून जावंसं वाटत होतं.

"बस की," तो म्हणाला. "घाबरतंस काय? माझा पाय धरायला तू काय तुझा बाप हायस?" मग आत बघून ओरडला, "अगो, चहा टाक. ज्याच्यापायी मी घरात बसलो, त्याची पोरगी आली हाय."

"मग साखर जास्त घालते," आतून बायको म्हणाली.

मी खेकड्यांबद्दल विचारलं.

"खेकडा मोठाच. पण त्याच्या हातातून मी दोनदा सुटलोय. तुझ्या बापाच्या हातातून एकदाबी न्हाय. लिही तसं."

"आणि दम?"

त्याचा हात थांबला. "दम तुटला व्हता, पोरी. माझा दम मला म्हाईत. त्याला ऐकू आला का न्हाय, ते त्यालाच इचार."

घरी येऊन विचारलं. पप्पांनी तेच उत्तर दिलं.

मी लिहिलं: 'डाव्या कोपऱ्यावर त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही, खेकडेसुद्धा नाहीत. चौलच्या खेळाडूचा पाय मोडला तेव्हा गोंगाटात त्यांना दम तुटल्याचं ऐकू आलं नाही.' चिटणीस काकांनी दोनदा वाचलं आणि रंगाऱ्याला पप्पांचं नाव दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी मैदानात सराव सामना होता. पप्पा आणि मी बांधावर बसलो. चढाईवाला आत आला तशी पप्पांनी नकळत माझं मनगट धरलं. काय ती पकड! हाडावर हाड घासलं, बोटं बधिर झाली. दम तुटला आणि हात सुटला. मग शिट्टी वाजली. पुढच्या चढाईला पुन्हा तेच: आधी हात सुटला, मग शिट्टी. तिसऱ्या वेळी पोरं पत्रे बडवत होती, ओरडाआरडा एवढा की मला चढाईवाल्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते. पंचांनाही कळलं नाही, ते कान पुढे करून वाकले होते. पप्पांचा हात उघडला. मग चढाईवाल्यानेच हात वर करून दम तुटल्याचं कबूल केलं.

मी मनगटाकडे पाहिलं. चार बोटांचे वळ उठले होते. पप्पांनीही पाहिले. मग तो हात मांडीखाली सरकवला.

संध्याकाळी मी चिटणीस काकांकडून कागद परत घेतला. पहिलं वाक्य तसंच ठेवलं. दुसऱ्याचा शेवट बदलला: 'दम तुटल्याचं त्यांना ऐकू आलं होतं.'

"हे स्मरणिकेत?" काका म्हणाले. "पंचनामा हाय काय? आगो, हे छापलं तर भिंतीवर नाव न्हाय चढणार."

"माहीत आहे, काका."

घरी पप्पा पडवीत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. ते अक्षराखाली बोट धरून वाचतात, तसे वाचू लागले. वाकडी करंगळी शेवटच्या ओळीखाली बराच वेळ थांबली.

"त्यानं दात पाडला व्हता माझा," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून मला परत दिली. "बरोबर लिवलंस. दे छापायला."

भिंतीवर सातवं नाव खेकड्यांचं आहे.