पहिला आलेला मसाला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या लालबागच्या चाळीत याचा अर्थ एवढाच, की हिला आकड्यांतलं कळतं. बायकांच्या गटानं मालवणी मसाला विकायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न आला — कुणाच्या घरचा? प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकीला आपलंच खरं. भांडणं नकोत म्हणून मला मध्ये घातलं. मी काय मिरवले म्हणून सांगू! सगळ्या मसाल्यांचं एकसारखं कालवण करायला लावलं, वाट्यांवर नाव नाही, शेजाऱ्यांनी चाखून मार्क द्यायचे.

शेजारची सुमनकाकी पहिली आली. तिचे मार्क मोठ्या अक्षरांत पाकिटावर छापले.

इथेच माझी चूक. म्हणजे — चूक कसली, मला माहीत होतं. मसाले डझनभर, चाखणारे मोजके. कुणाला तरी त्या दिवशी नशिबानं चार मार्क जास्त पडणारच, आणि बहुतेक पहिला तोच येणार. ते मार्क फुगलेले असतात. निवड झाली की पुन्हा नव्यानं चाखायचं, आणि ते आकडे खरे धरायचे. दरवर्षी वर्गात शिकवते मी हे. पण सगळ्या माझं कौतुक करत होत्या. कोण कशाला बोलतंय?

पुढच्या उन्हाळ्यात काकीचाच मसाला पुन्हा चाखायला ठेवला. मार्क उतरले. उतरणारच होते! पण कुजबुज सुरू झाली — काकीनं धणे वाढवले, मिरचीत हात आखडला. जिनं उसनी साखरसुद्धा कायम शीग लावूनच परत केली, तिच्यावर लबाडीचा आळ. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण मग माझी निवडच कच्ची होती, हे उघडं पडलं असतं ना?

काकी माझ्या दारात आली. रडत नव्हती, नुसती गोंधळलेली.

"गो बाय, तूच सांग, माझ्या हाताक काय झाला?"

"काकी, पुढच्या वेळी मिरची जरा बघून भाज," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. शिकलेल्या पोरीचा शब्द तिनं खरा मानला, आणि गट सोडला.

आमच्या दोघींत एकच भिंत आहे, सगळं ऐकू येतं. घरच्या कालवणात मसाला घालतानाही ती आता सुनेला हाक मारते, आणि विचारते — बरा झालाय ना?